पढवलेली उत्तरं

आमच्या बोरीवलीच्या चाळीत सुगंधाइतकी दमलेली बाई दुसरी नव्हती. दिवसभर साकीनाक्याच्या कारखान्यात स्क्रूंची पाकिटं भरायची आणि संध्याकाळी नीलाला घेऊन बसायचं. नीला नऊ वर्षांची, तिसऱ्यांदा दुसरीत. काल शिकवलेलं आज पाटी कोरी. नवरा जयवंत म्हणायचा, वयाबरोबर येईल अक्कल. शेजारधर्म म्हणून मीही तेच म्हणायचे, त्याची आज मला लाज वाटते.

पलीकडच्या शाळेत अशा मुलांसाठी वेगळा वर्ग होता. बारा मुलं, एक बाई, कसली घाई नाही. पण तिथे घेण्याआधी शाळेचे तपासनीस परीक्षा घेत. आणि परीक्षा म्हटल्यावर आपल्याकडे आई काय करते? सुगंधानं तेच केलं. आधी जाऊन आलेल्या एका मुलीच्या आईकडून सगळे प्रश्न काढले आणि महिनाभर नीलाकडून घोटून घेतले. गाईला पाय किती, आगगाडी कशावर चालते, चित्रातल्या बाहुलीला काय नाही. नीलानं धडाधड उत्तरं दिली. कागदावर आलं: बुद्धी सर्वसाधारण, अभ्यासात लक्ष नाही. वर्ग नाकारला. पोरगी पास झाली आणि आईची वाट लागली.

पढवलं होतं हे तिनं मुख्याध्यापकांपुढे कबूल केलं, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पण कागद तो कागद. बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून आणा, जूनच्या आत, मग बघू, एवढंच ते म्हणाले. जून गेला की नीलाचं दहावं वर्ष संपणार होतं, आणि त्यापुढच्या मुलांना तो वर्ग घेत नव्हता.

घाटकोपरच्या दवाखान्यात तारीख मिळवायला तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी शाळेचा कागद बाजूला ठेवला, सुगंधाकडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता फक्त गप्प बसायचं. तिला काय येत नाही ते मला दिसू दे."

त्यांनी रंगीत मणी ओवून दाखवले आणि तशीच माळ करायला सांगितली. नीलानं दोन मणी ओवले, थांबली आणि आईकडे बघितलं. पुढचा मणी लाल, हे सुगंधाला दिसत होतं, मलाही दिसत होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. नीला पुन्हा पुन्हा वळून बघायची आणि आई भिंतीकडे बघत राहायची. तासभर हेच. मला तर उठून ओरडावंसं वाटत होतं.

शेवटी बाईंनी दोन पानं लिहून दिली. या मुलीला वेगळ्या वर्गाची गरज आहे, असं त्यात स्पष्ट होतं. सुगंधानं ती घडी घालून पिशवीत ठेवली. "मिळाला बाय एकदाचा कागद," एवढंच म्हणाली. आनंद व्हायलाही अंगात बळ लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर नीलानं तिचं बोट ओढलं.

"आये, आज तू माका कायच सांगूक नाय."

सुगंधा तिथेच, फुटपाथवर, खाली बसली.