ताईची दुसरी जबानी

टेलरताईला सगळी गल्ली मानायची. आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, स्वतःच्या लग्नाचं नावही काढलं नाही. चांगल्या बहिणीचं उदाहरण द्यायचं झालं की लोक तिचंच द्यायचे, आणि तिलाही ते आवडायचं. कौतुक कुणाला कडू लागतं?

त्या भावाला गोदामातल्या मुकादमाने गंमत म्हणून मालाच्या खोलीत कोंडलं. दार उघडताच भावाने त्याच्या तोंडावर पहार घातली. मुकादमाचा एक डोळा कायमचा गेला. गुन्हा शाबीत झाला. आता शिक्षा किती, एवढंच ठरायचं होतं आणि त्यासाठी कोर्टाने मानसोपचारवाल्या मॅडमचा अहवाल मागवला होता.

मॅडमनी ताईला बोलावून विचारलं, "लहानपणी कधी मारहाण? कोंडून ठेवणं?"

"छे हो! तळहाताच्या फोडासारखा जपलाय त्याला," ताई ताठ बसून म्हणाली.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. शिवणाच्या कारखान्यात जाताना ती त्याला कपाटात घालून बाहेरून कडी लावायची. आधी नाइलाज म्हणून, पुढेपुढे राग आला म्हणूनही. पोरगं आत ओरडायचं आणि ही खुशाल जिना उतरायची.

अहवाल बघून भावाचे वकील म्हणाले, "बालपणात काही सापडलं असतं तर वर्षं कमी झाली असती हो. पण तुम्ही तर अगदी आदर्श निघालात!"

जनाची लाज राखायच्या नादात ताई मनाची गमावून बसली होती. दुसऱ्या दिवशी ती न बोलावता मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मी खोटं बोलले. मी कोंडायचे त्याला. कपाटात, दिवसदिवस. म्हणून तर त्याचं डोकं फिरलं त्या दिवशी!"

मॅडमनी पेन उचललं नाही. "बसा, ताई. शिक्षा ठरायची वेळ आली की घरच्यांना असं खूप काही आठवतं. तुमचा राग नाही मला. पण हेच मी त्यालाही विचारलं होतं, पुन्हा पुन्हा."

"मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, ताईने कधी बोटसुद्धा लावलं नाही. तिला असलं काही विचारू नका, तिच्या मनाला लागेल." मॅडमनी फाईल मिटली. "आणि खरं सांगू? मला त्याचंच खरं वाटतं."