गव्हाशिवाय तेरवी

सिंदेवाहीच्या आमच्या भागात भात रोजचा. पोळी पाहुण्याला, नाहीतर आजाऱ्याला. लेकीसह माहेरीच राहणाऱ्या माझ्या ताईचं वजन उतरू लागलं तेव्हा जो तो म्हणाला, भातानं ताकद कुठून येणार? शेजारणी तूप लावलेल्या पोळ्या आणून द्यायच्या. ती खायची, पोट फुगायचं, जुलाब लागायचे, आणि आम्ही मायेनं पुन्हा पोळीच पुढे करायचो.

नागपूरला लहान आतड्याचा तुकडा तपासला तेव्हा कळलं की तिला गहू चालतच नव्हता. आतड्याचं अस्तर झिजून सपाट झालं होतं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. गहू बंद केला, पण तोवर त्याच आतड्यात कॅन्सर झाला होता. ताई गेली. तिच्या मुलीलाही गव्हाचा तोच आजार निघाला, पण वेळेवर कळला.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी आचाऱ्याला सांगितलं, पुरी करायची नाही.

"पुरी नाई तं तेरवी कायची?" मोठेबाबा बाजेवरूनच कडाडले. ते वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा शब्द घरात कोणी मोडत नाही. "भातच खायचा तं लोक आपापल्या घरी नाई खात का?"

"पोरीले पुरी नाई वाढत, झालं," आचारी म्हणाला.

"पण वडे पुरीच्याच तेलात तळशील ना?" मी विचारलं.

"मंग काय, वड्याले येगळी कढई?"

"तिले तेवढंही चालत नाई. बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ असते. तोही टाकू नको."

"गुरुजी, मीठ तं चालते ना?" तो हसला. मी शाळेत शिकवतो, म्हणून गावात सगळे मला गुरुजीच म्हणतात.

"पोरीचा डबा येगळा करा," मोठेबाबांनी निकाल दिला.

लग्नाकार्यात ती डबा घेऊन कोपऱ्यात बसतेच. पण ही तिच्या आईची तेरवी होती.

"मोठेबाबा, आईच्या पंगतीत ती डबा उघडून बसणार नाई," मी म्हणालो. त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. कणकेचा डबा उचलला आणि शेजारी देऊन आलो.

पंगतीला भात, वरण, तांदळाची खीर, उडदाचे वडे. काहीजण पुरीची वाट पाहत थांबले, मग कुरकुरत जेवले. मोठेबाबा पानावर बसले नाहीत. भाची सगळ्यांच्या ओळीत बसली. वडा हातात धरून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखलं नाही.

आता वर्षश्राद्ध जवळ येतंय. मोठेबाबांनी पुरीचा विषय आतापासूनच काढलाय. माझं उत्तर तेच आहे.