कुप्याच्या पोटातलं यंत्र

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत समुद्राचा मासा यायचा तो मुंबईहून रेल्वेनं, बर्फात, आणि स्टेशनपासून चाचांच्या सायकलवर. चाचा इथलेच, बोलणं चोख खानदेशी. नव्वदनंतरची गोष्ट. एका रविवारी त्यांच्याकडून अख्खा कुपा, म्हणजे ट्यूना मासा, घेतला, विळी मांडली आणि पोट फाडलं, तर आत बोटाएवढी धातूची नळी! तिची वायरीसारखी शेपटी कातडीतून बाहेर आली होती. आधी मला तो जाळ्याचा दोराच वाटला होता.

नळीवर बारीक इंग्रजीत कोरलं होतं, की हे माशाचा प्रवास नोंदवणारं यंत्र आहे, सापडल्यास अमुक पत्त्यावर पाठवा. पत्ता परदेशातला. मी हात न धुताच ती शेजारी दाखवायला पळाले.

शेजारच्या भाऊंनी वायर पाहिली आणि बोंब ठोकली, "बॉम्ब!" त्या दिवसांत स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर बेवारस वस्तूंच्या पाट्या लागल्या होत्या, त्या वाचून सगळेच शहाणे झालेले. कुणीतरी म्हणालं, पाण्यात टाका, निकामी होईल. टाकली बादलीत! जी वस्तू महिनोन्‌महिने समुद्रात फिरून आली, तिला हे लोक नळाच्या पाण्यात बुडवून मारायला निघाले होते. मी अक्षरं वाचून दाखवली, तर भाऊ म्हणतात, "वहिनी, ते लोक असंच लिहितात." ते लोक म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे मासे विकणाऱ्या चाचांना मात्र दंडाला धरून आणलं आणि बादलीसकट चौकीवर नेलं.

मी मागोमाग गेले. म्हटलं, "मासा मी घेतला, मी कापला. मग मलाही बसवा इथं." हवालदार हसला. "ताई, घरी जा." संध्याकाळी साहेब आले, त्यांनी कोरलेलं वाचलं आणि चाचांना सोडलं. नळी गेली टेबलाच्या खणात. ती पत्त्यावर पाठवा म्हणून मी हेलपाटे घातले, पण पाठवली की नाही, देव जाणे. चाचांची माफी कुणी मागितली नाही. "खबरदारी घेतलेली बरी," म्हणत कॉलनी आपापल्या कामाला लागली. हे वाक्य ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. कुठल्या कुठल्या समुद्रांतून तो मासा बिनदिक्कत आला असेल, आणि या माणसाला मात्र आमच्या गल्लीत जाब द्यावा लागला!

आता चाचा कशाला येतील, असंच मी धरून चालले होते. काही आठवड्यांनी दारात त्यांच्या सायकलची घंटा वाजली. मी धावत बाहेर आले. त्यांनी टोपलीतून मासा काढला, माझ्या पायरीवर आडवा ठेवला, सुरीनं पोट चिरलं आणि दोन्ही बाजू बोटांनी फाकवून धरल्या.

"अक्का, पहिले पोट दखी ल्या. काहीच नई शे."

"चाचा, मला कशाला दाखवता?" माझा आवाज चढला.

"आते बठ्ठासले दखाडस," आता सगळ्यांनाच दाखवतो, असं ते खाली बघत म्हणाले आणि मासा तराजूत ठेवला.

भाऊ गॅलरीतून वाकून बघत होते. "हे बरं केलंत हो," ते वरून म्हणाले.