कज्जाबाईंची राहिलेली सही

गावच्या सभेत भांडण झालं नाही, तर आमच्या बाईंना चैन पडत नसे. परतीच्या वाटेवर त्या गाडीत गप्प बसून राहत, कपाळावर आठ्या, आणि मध्येच म्हणत, "सगळे हो म्हणाले गं. काहीतरी चुकलंय." कार्यालयात पाठीमागे त्यांना सगळे कज्जाबाई म्हणत. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि मला तर वाटतं, आतून आवडतही होतं.

आमचं काम होतं नव्या महामार्गालगतच्या गावांचा आराखडा करायचं. रस्ता तर झालाच होता. आता त्याच्या कडेला कांद्याची गोदामं कुठे, बाजाराचे गाळे कुठे, गावातल्या पोरांना काम कशात मिळेल, हे ठरवायचं आणि ते गावाला विचारून ठरवायचं, असा नियम. इतर अधिकारी तो नियम चहा-बिस्किटांवर उरकत. पडद्यावर चित्रं दाखवायची, माना डोलल्या की सह्या घ्यायच्या आणि अंधार पडायच्या आत संभाजीनगर गाठायचं. बाई गावात उतरल्या की पहिला प्रश्न विचारत, "ह्या जागेवरून तुमच्यात कोण कोणाशी बोलत नाही?" लोक आधी दचकत, मग हसत, आणि हसून झालं की खरं सांगायला लागत.

एका गावात गोदामाच्या जागेवरून दोन चुलतभाऊ एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात आले होते. बाई मधोमध बसून ओल्या शेंगा सोलत होत्या. आमचा शिपाई घाबरून पाण्याचे पेले घेऊन धावला, तर त्याला हातानेच अडवून म्हणाल्या, "थांब, आत्ता कुठं खरं बोलायला लागलेत." मी पिशोरच्या शेतकऱ्याची मुलगी. भावकीची भांडणं मी पोटभर पाहिलेली, पण त्यांचा असा उपयोग होतो हे मला नोकरीत कळलं. बाई मला माझ्या नावाने कधी हाक मारत नसत. "ए पिशोर, इकडे ये," एवढंच.

त्या स्वतः संभाजीनगरच्या छावणीत राहत. घराणं कारकुनांचं. "आमच्या सात पिढ्या दुसऱ्यांचे अर्ज लिहून देण्यात गेल्या," त्या सांगत, "मी निदान आधी ऐकते आणि मग लिहिते." आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावर हसल्या तर खाली पार्किंगमध्ये कळावं. ड्रायव्हरकाकांशी मात्र त्यांची खास दखनी चाले. "आहिस्ता मियाँ, पूरा तालुका मेरी गोद में है," असं मांडीवरचे नकाशे सावरत म्हणत. घरचा डबा कधी एकटीने खाल्ला नाही आणि कोणाच्या डब्यात काय आहे हे विचारायची लाजही बाळगली नाही.

बाईंच्या निवृत्तीला थोडे आठवडे उरले होते तेव्हाची गोष्ट. वैजापूरकडचं एक गाव शेवटचं राहिलं होतं. ते झालं की सगळा आराखडा बाईंच्या सहीने वर जाणार होता. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या आराखड्यांत दुरुस्त्या केल्या होत्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांचा म्हणावा असा हा एकच.

त्या गावात सभा दृष्ट लागावी अशी झाली. गाळे आणि कांदाचाळ वरच्या आळीमागच्या गायरानात करायची, असं आमच्या मसुद्यात होतं. सगळ्यांनी हात वर केले. कोणी हूं की चूं केलं नाही. मी सह्यांचे कागद पुढे सरकवले, तर बाई उठल्याच. बाहेर येऊन रस्त्याकडे बघत राहिल्या आणि सरपंचांना म्हणाल्या, "खालच्या आळीचं कोणीच दिसलं नाही?"

"त्यायला सुतक हाय ना बाई," सरपंच सहज म्हणाले. "आख्खी आळी एकाच भावकीची. म्हातारबाबा गेले परवा. अशात कुठं सभेला येतेत? मंग आमीच म्हनलं, कशाला तरास द्यायचा."

त्यात त्यांची लबाडी नव्हती. तारीख आम्ही ठरवली होती आणि गावात कोणी गेलंय का, हे विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. पण जुन्या रस्त्यावरची हॉटेलं, पंक्चरची दुकानं, रसवंत्या सगळ्या खालच्या आळीच्या होत्या. नव्या महामार्गाने गाड्या पळवल्या आणि पोट मारलं गेलं ते त्यांचंच. गाळे नेमके त्यांच्यासाठी होते आणि आम्ही ते गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवत होतो.

बाई थेट त्या दुःखाच्या घरी गेल्या. घोंगडीवर बसल्या. म्हातारबाबांची सून शेवंताबाई समोर होती. जुन्या रस्त्यावर पिठलं-भाकरीचं हॉटेल तीच चालवायची. मी आराखड्याचा विषय काढायला तोंड उघडलं, तशी बाईंनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. बघणाऱ्यांना वाटलं असेल, पोरगी फार हळवी आहे. बाई म्हातारबाबांबद्दल विचारत राहिल्या. आजार कसला होता, शेवटी शुद्ध होती का, एवढंच. शेवटी शेवंताबाईच म्हणाली, "तुमी कशासाठी आल्या ते ठावं हाय मला. पर आज इचारलं नाय, हे लई बरं केलं. तेरावा होऊ द्या. मंग या, सांगते."

बाई न बोलता उठल्या. अशा घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं.

कार्यालयात कल्ला झाला. वरचे साहेब म्हणाले, "बहुमत झालंय, सही करा आणि मोकळ्या व्हा. पुन्हा सभा घ्याल तर तुमच्या हातून हे व्हायचं नाही." बाई हसत म्हणाल्या, "नाही तर नाही." मी मात्र चिडले. एवढी वर्षं राबून शेवटचा घास दुसऱ्याच्या ताटात वाढायचा, हा कुठला शहाणपणा, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागितली.

तेराव्यानंतरची सभा दिवेलागणीपर्यंत चालली. शेवंताबाई पदर खोचून उभी राहिली. "गायरानात कोन गाडीवाला येतोय जेवायला? महामार्गावरून उतरला की पयलं दिसंल तिथं गाळे पायजेत!" वरची आळी उसळली, गाळ्यांबरोबर कांदाचाळही दूर जाईल म्हणून. खूप वाजलं. शेवटी गाळे महामार्गाच्या उतारावर आणि चाळ गायरानात, असं ठरलं. मग नकाशे नव्याने काढावे लागले आणि त्यातच बाईंचा निरोप समारंभ येऊन गेला. शाल, नारळ, हार. फाईल तशीच टेबलावर.

बाईंच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी ती बरेच महिने दाबून ठेवली. मी भांडत राहिले. सही झाली त्या दुपारी मी तडक छावणीत गेले. बाई गवार मोडत बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "गाळे उतारावरच ना?"

"उतारावरच. शेवंताबाईचा अगदी पहिला."

"झक्कास," त्या म्हणाल्या आणि दोन-चार शेंगा मोडल्या. मग त्यांचे हात थांबले. त्या बाईंचा आवाज इतका लहान होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"पण मला करायची होती गं ती सही," त्या म्हणाल्या. "फार करायची होती."

मी त्यांच्याजवळ सरकले आणि परातीतली गवार मोडायला घेतली. आम्ही दोघींनी ती सगळी मोडून संपवली.