एका वेतातली पिल्लं

आमच्या घरात एक नाव गेली दोन वर्षं कोणी उच्चारत नाही, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. पण रावेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये फरशीवर नखांचा टिकटिक आवाज मला अजून येतो. कुकर लावताना येतो, कपडे वाळत घालताना येतो. नवरा म्हणतो, वरच्या मजल्यावरचं काहीतरी असेल. आमचा मजला शेवटचा आहे, वर फक्त पाण्याच्या टाक्या आहेत.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. दमा, दप्तरात कायम पंप आणि डोक्यात एकच खूळ, कुत्रा. डॉक्टरांनीच नाही म्हणावं, म्हणजे वाईटपणा माझ्याकडे येणार नाही, असा माझा डाव होता. डॉक्टरीणबाईंनी तो उलटवला. "काही जातींचा त्रास कमी होतो म्हणतात, पण खात्री कोणाचीच नाही," त्या म्हणाल्या. "जे पिल्लू आणायचंय, त्याच्याचजवळ तिला आधी दोन-तीनदा बसवा. मग ठरवा."

आळंदी रस्त्याला एका दादांकडे अशी पिल्लं होती. दादा मूळचे गाववाले. गाई गेल्या, शेताचे प्लॉट झाले आणि गोठ्यात आता लॅब्राडॉर मादी आणि पूडल नर. लॅब्राडूडल हा शब्द ते इतक्या सफाईने म्हणायचे की मला हसू यायचं. "केस गळत न्हाईत, शिंका येत न्हाईत, ताई. आयटीवाली लोकं नंबर लावत्यात."

दोन रविवार मुलीने एक तपकिरी पिल्लू तासभर मांडीवर घेतलं. त्याने तिचं तोंड चाटून काढलं. तिला काहीच झालं नाही. तिसऱ्या रविवारी न्यायला गेलो, तर ते सकाळीच दुसऱ्या कोणी नेलेलं. मुलीचा चेहरा एवढासा झाला. दादांनी तिच्या हातात एक पांढरट पिल्लू ठेवलं, मादी. "एकाच वेतातली हायती, ताई. भावाबहिणीत काय फरक आसतोय?"

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. शिफ्ट सुरू झाली की मशीनवरचा पहिला पीस आमच्याकडे येतो. तो मापात बसला की मी सही करते आणि लॉट चालू होतो. सगळी हयात हेच केलंय. त्या गोठ्यात उभं राहूनही मी तेच केलं. पहिला पीस पास आहे, लॉट तोच आहे. पुन्हा दोन रविवार थांबायला हवं होतं. पण मुलीने पिल्लू छातीशी धरलं होतं, आणि मला सोमवारी पहिली शिफ्ट होती.

चार महिने फार सुखाचे गेले. मग खोकला सुरू झाला. हवा बदललीय, समोर बांधकाम चालू आहे, असं आम्ही म्हणत राहिलो. कुत्री जाईल या भीतीने पोरगी बाथरूममध्ये नळ सोडून पंप ओढत होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर ती सोफ्यावर बसलेली, ओठ निळे, तोंडातून शब्द फुटेना. कुत्री तिच्या पायांवर डोकं ठेवून पडली होती.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हेच पिल्लू मांडीवर घेऊन पाहिलं होतं ना?" मी हो म्हणाले. खोटं का बोलले, देव जाणे. लाज वाटली असणार.

मुलगी घरी यायच्या आत मी कुत्रीला परत नेऊन सोडलं. दादा कुरकुरले नाहीत. "ऱ्हाऊ द्या ताई, मादी हाय, पुढं पिल्लांना कामाला यील." जाळीचं दार लागलं तरी ती भुंकली नाही. पार्किंगमधून गाडी काढायला गेले की ती जशी बसून राहायची, तशीच बसून राहिली. मला ते अजून सहन होत नाही.

अलीकडे कंपनीच्या बसमध्ये मी या जातीबद्दल वाचलं. परदेशात एका अंध बाईला वाट दाखवणारा कुत्रा हवा होता, आणि तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी. म्हणून एकाने लॅब्राडॉर आणि पूडलची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. त्याने तिन्ही पिल्लांचे केस आणि लाळ त्या नवऱ्याकडे तपासायला पाठवली. एकच पिल्लू चाललं. उरलेली दोन त्याच आईची, त्याच बापाची. पुढे मिश्र जातीची पिल्लं कोणी घेईना, म्हणून त्याने हे नवं नाव काढलं. मग मागणी इतकी वाढली की म्हातारपणी त्याला सगळ्याचा पस्तावा झाला. चाकण येईपर्यंत मी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत होते. क्वालिटी त्या माणसाला कळली होती, आणि तिचा पगार मी घेते.

परवा वेणी घालताना मुलगी म्हणाली, "आई, मी खोकला अजून थोडे दिवस दाबून धरला असता, तर ती राहिली असती का गं?" मी पेड घालत राहिले. मग तीच म्हणाली, "माझीच छाती खराब आहे ना."

मला एकच वाक्य सांगायचं होतं. तपासलं एक पिल्लू आणि आणलं दुसरं, ते मी. ते ओठांपर्यंत आलंही होतं.

"हो गं," मी म्हणाले, "तुला ती सोसली नाही."