तरास कुणाला हुतोय?

घाटगेकाका बॉयलर बघायला आले की अवजारांची पिशवी दाराशी पायपुसण्यावरच ठेवत. बूट काढत, हात धूत, आणि बॉयलर कुठे आहे हे विचारायच्या आधी विचारत, "तरास कुणाला हुतोय?" फोन करणारा माणूस पुढे होऊन सांगू लागला की त्याला हातानेच थांबवत. "तुमी न्हवं. ज्येला गार पाणी लागतंय, त्येला बोलवा." लंडनमध्ये वेम्बलीला एका घरी तक्रार करणारे आजोबा देवळात गेले होते, तर काका दीड तास सोफ्यावर बसून राहिले. मुलगा म्हणत होता, मीच दाखवतो ना. काका म्हणाले, "तुमी नळ सोडला तर तुमचं पाणी कळंल. त्येंचं कसं कळंल?"

ते मूळचे कोल्हापूरकडचे, पंपांच्या कारखान्यातले फिटर. तरुणपणी इंग्लंडला आले आणि शाळा-इस्पितळांच्या बॉयलरखोल्यांत त्यांनी आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर हाउन्सलोत घरोघरचे बॉयलर बघू लागले. गॅसच्या कामाचं रीतसर कार्ड वरच्या खिशात असे, आणि कुणी न मागता ते दाखवत. भुवया दाट, चाल सावकाश. इतकी वर्षं इथे राहून भाषा कोल्हापूरचीच राहिली होती. इंग्रजी बोलले तरी तिला तेच वळण होतं.

आमच्याकडे ते आले तेव्हा घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. कॉलिंग कार्ड खरवडून भारतात फोन लावायचे ते दिवस होते. मी इस्पितळात ज्युनियर डॉक्टर, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. नवरा, सुहास, विमानतळावर कार्गोत. पहाटे बाहेर पडायचा. मी इतकी दमलेली असे की तो माझा स्वभावच आहे असं लोकांना वाटायचं. सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही साताऱ्याहून कायमचं आणलं होतं. साताऱ्याचं घर भाड्याने देऊन टाकलं होतं.

त्यांचा नेम साधा होता. आधी अंघोळ, मग पूजा, मग तोंडात घास. अंघोळ बादली-तांब्यानेच, शॉवरखाली त्यांना गुदमरायला व्हायचं. आल्यापासून आठ दिवसांत त्यांनी सांगितलं, "पाणी मध्येच गार होतं गं. दोन तांबे कढत, तिसरा बर्फ." मी शॉवर सोडून पाहिला. कढत पाणी. सुहासने पाहिला. कढत पाणी. एक इंजिनिअर आला, नळ पूर्ण सोडून त्याने थर्मामीटर धरला आणि सगळं ठीक असल्याचं सांगून गेला. दुसऱ्याने तापमान मोजणारा एक सुटा भाग बदलला. दुसऱ्या दिवशी सासूबाई काकडतच बाहेर आल्या.

"आई, त्यांनी सगळं चेक केलंय," सुहास म्हणाला. "पाणी गरम आहे. भास होत असेल."

"आम्हाला तर नीट येतं हो," मी म्हणाले.

"तुम्हाला येतं. मलाच येत नाही," त्या म्हणाल्या.

मला तो टोमणा वाटला. मी काही मुद्दाम नळ बंद करत नव्हते. पण मीही तोंड वाकडं केलंच. मग त्या एक दिवसाआड अंघोळ करू लागल्या, आणि अंघोळ नाही त्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी राहू लागल्या. खोकला सुरू झाला. शेवटी त्यांनी सुहासला सांगितलं, "माझं जायचं बघ. तिथे पुतण्याकडे राहीन." खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मग त्या क्षणाचीच लाज वाटत राहिली.

इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी घाटगेकाकांचा नंबर दिला. ते सकाळी आले तेव्हा मी रात्रपाळी करून नुकतीच पोचले होते, अंगावर कोट तसाच. त्यांनी विचारलं, "तरास कुणाला हुतोय?" मी बॉयलरबद्दल सांगू लागले. हात वर झाला. "डॉक्टरीणबाई, तुमी बसा."

सासूबाईंना त्यांनी न्हाणीघराशी नेलं. "आजी, रोज घेता तसंच पाणी काढा. मी हितं न्हाईच असं समजा."

सासूबाईंनी बादली नळाखाली सरकवली, तोटी जेमतेम फिरवली. पाण्याची धार सुतासारखी. काका बॉयलरच्या कपाटाशी कान देऊन उभे. बॉयलर पेटला, थोडा वेळ चालला, विझला. पुन्हा पेटला, पुन्हा विझला. बादलीतून वाफ आली आणि गेली.

"आजी, एवढा बारीक का सोडता?"

त्यांनी तोटी बंद केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते कपाट हिच्या खोलीला लागून आहे. नळ पूर्ण सोडला की ते धडधडतं. ही रात्रभर उभी असते, नुकती झोपलेली असते. बारीक सोडला की ओरडत नाही ते."

"वरडत न्हाई, कारण प्येटलेला ऱ्हातच न्हाई," काका हळूच म्हणाले. "ह्याला ठराविक धार लागती. त्याच्या खाली गेलं की ह्यो गप बसतो."

मी तशीच कोटात जिन्याच्या पायरीवर बसले. दोन महिने ही बाई माझ्या झोपेसाठी गार पाण्याने अंघोळ करत होती, आणि मी तिला हट्टी म्हणत होते. मला रडू आलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दमली आहेस तू. जा, झोप."

काकांनी मग अवजारं आणली. इथल्या पाण्याचा क्षार आत साचून बॉयलर धडधडत होता. तो भाग काढून साफ केला, सैल झालेलं झाकण रबर घालून आवळलं. जाताना म्हणाले, "आजी, तांब्यानंच न्हावा. पर बादली झटक्यात भरा." आणि मला म्हणाले, "बिघाड एकाच्या हातात हुतो आणि तपासतो दुसराच. मग घावणार कसा?" सासूबाई पुढे सहा वर्षं आमच्याकडे राहिल्या, आमच्याकडेच गेल्या.

नंतर काकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते आमच्याच वॉर्डात दाखल झाले. मी रजेवर होते, पाचव्या दिवशी परतून राउंडला गेले. फाइलमध्ये लिहिलं होतं, पेशंट गोंधळलेला आहे, बेल दाबूनही कुणी येत नाही म्हणतो. नर्स म्हणाली, बेल रोज तपासली, उत्तम चालते. मी बेल उचलली, दाबली. खाटेवरचा दिवा लागला. "काका, चालते की हो," मी म्हणाले.

काका दाट भुवयांखालून नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं. मी बेल त्यांच्या हातात दिली. "रोज दाबता तशी दाबा. मी इथे नाहीच असं समजा."

त्यांचा अंगठा बटणावर आला, थरथरला, टेकला. दिवा लागला नाही. तेवढा जोरच त्या हातात उरला नव्हता. चार दिवस ते बेल दाबत होते, आणि चार दिवस आम्ही ती तपासत होतो.

मी खाली जाऊन नुसत्या स्पर्शाने वाजणारी मऊ उशीसारखी बेल आणली आणि त्यांच्या तळव्याखाली ठेवली. दिवा लागला. तोंडाच्या एका बाजूने, अडखळत ते म्हणाले, "प्येटला."

तीन आठवड्यांनी ते गेले. त्यानंतर शिकायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मी त्यांचा प्रश्न शिकवते, कोल्हापुरी बोली सोडून. मुलं वहीत लिहून घेतात. त्यांना मी एक सांगत नाही. सासूबाईंच्या बादलीशी एवढं रडले होते, तरी काकांच्या खाटेशी आधी मी स्वतःच बेल दाबून पाहिली होती.