उसनी खुकरी

१९४४ च्या जानेवारीत आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीला बर्माच्या सरहद्दीवर हलवण्याचा हुकूम आला. मी तेव्हा लान्स नाईक होतो, ड्रायव्हर. माझं गाव येरमाळ्यापासून दोन कोसांवर, म्हणजे राज्य निजामाचं आणि नोकरी इंग्रजांची. माझ्या गाडीला एका गुरखा बटालियनचं रेशन पोचवायची ड्यूटी लागली. पहाटे लोडिंग, पाचला कूच, बाराच्या आत डोंगरावरच्या डम्पवर अनलोडिंग आणि उजेड असेतो परत. लोक मला लढाईचं विचारतात. माझी लढाई म्हणजे चिखल, क्लच आणि पिठाची पोती.

खुकरीचा नाद मला तिथंच लागला. पहिली मी रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाबाहेर बाजारात घेतली. म्यानावर चांदीची फुलं, मुठीला सिंहाचं तोंड. ती कमरेला लावून मी डम्पवर मोठ्या ऐटीत उतरलो. रेशन ताब्यात घेणारा नाईक धनबहादूर म्हणून होता. बुटका, रुंद, बोलायला कंजूष. त्यानं खुकरी उपसली, हवेत एकदा फिरवली आणि परत दिली.

"दीवार के लिए अच्छी है," तो म्हणाला.

मी चिडलो. तरी दुसऱ्या खेपेला त्यालाच विचारलं, चांगली कशी ओळखायची? आमच्याकडं सगळे सांगत, की गुरख्यानं खुकरी उपसली की रक्त काढल्याशिवाय म्यान करत नाही. तेही विचारून घेतलं. तो कांदा चिरत होता. खुकरीनंच. त्यानं कांद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि चिरत राहिला. माझा चेहरा काय झाला असेल ते सांगत नाही.

पुढं त्यानं मला शिकवलं. पातं पोटाशी रुंद असलं की घाव वजनानं बसतो, हाताला जोर लावावा लागत नाही. अरुंद, लांब पातं दिसायला देखणं, कमरेला हलकं, पण लाकूड तोडताना दमवतं. पाठ जाड हवी. म्यानात दोन लहान पाती असतात, एक बारीक कामाला आणि एक बोथट, धार सरळ करायला. ती नसतील तर म्यान अर्धं रिकामं समजायचं. मुठीवरून मात्र आमचं कधी पटलं नाही. मला म्हशीच्या शिंगाची मूठ आवडायची, काळी, चकचकीत. तो म्हणायचा, ओल्या हातात शिंग फिरतं, लाकूड धरून राहतं. त्याच्या स्वतःच्या खुकरीची मूठ लाकडाची होती, हाताच्या घामानं काळवंडलेली. तो भरती झाला तेव्हा गावच्या लोहारानं ती बनवली होती आणि बापानं त्याच्या कमरेला बांधली होती. दिसायला माझ्या साऱ्या खुकऱ्यांपेक्षा गरीब. हातात घेतली की माझ्या साऱ्या खुकऱ्या फिक्या पडायच्या.

एप्रिलपर्यंत साखर आणि तंबाखूच्या बदल्यात माझ्याकडं पाच जमल्या. कंपनीत मला कोणी नावानं हाक मारीना. 'खुकरीवाला' म्हणायचे.

त्या महिन्यात एका सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, डम्पच्या अर्धा मैल अलीकडे, माझ्या गाडीची मागची चाकं एक्सलपर्यंत रुतली. मागं सहा गाड्या अडकल्या. धनबहादूर जवानांचा सेक्शन घेऊन वरच्या पिकेटवर, टेकडीवरच्या चौकीवर, निघाला होता. तो थांबला. चाकाखाली घालायला मी बांबू तोडत होतो आणि शिंगाची मूठ ओल्या हातात फिरत होती. दोनदा खुकरी निसटली. त्याला हसू आलं. त्यानं स्वतःची काढून माझ्या हातात दिली.

"शाम को लौटा देना."

"और तू?"

"राइफल है न."

नऊ चाळीसला डम्पच्या वायरलेस सेटवर पिकेटचा आवाज आला. तो निरोप आमच्यापर्यंत एक जवान धावत घेऊन आला. "पिकेट पर मॉर्टर. गाड़ियाँ हटाओ." आमचे जमादारसाहेब ओरडले, "निकालो!" मी बांबू तोडत राहिलो. दहा वाजून पाच मिनिटांनी चाकं सुटली. सातही गाड्या निघाल्या. माझ्या हाताला एक फोडही आला नाही, इतकी ती मूठ हातात बसली होती.

पिकेटवर तिघं गेले. त्यात धनबहादूर होता. मला दुपारी बारा वाजता डम्पवर कळलं. त्याला वरच पुरलं. तीन वाजता त्यांच्या बटालियनला पुढं सरकायचा हुकूम आला.

आता जे सांगतो ते मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांचा क्वार्टरमास्टर हवालदार माझ्यापासून पाच पावलांवर उभा होता, मेलेल्यांचं सामान बांधत होता. खुकरी माझ्या कमरेला होती. मी ती दिली नाही. दोस्ताची आठवण म्हणून ठेवली असं मी स्वतःला सांगत होतो. खोटं कशाला बोलू, ती मला हवी होती.

१९४६ च्या जूनमध्ये डिस्चार्ज घेऊन बार्शीकडून गावी निघालो. मुलुखाच्या हद्दीवर निजामाचा करोडगिरीचा नाका होता, तिथं प्रत्येकाचं सामान उघडून जकात ठरायची. म्हाताऱ्या शिपायानं माझी ट्रंक उघडली.

"क्या है ये?"

"विळे हाईत, साहेब."

"इत्ते विळे? लई मोठी शेती दिसती तुमची." त्यानं झाकण लावलं आणि जाऊ दिलं.

पाच खुकऱ्या ट्रंकेत कुलूपबंद राहिल्या. धनबहादूरची त्यांच्यात ठेवायला मन धजेना. ती मी वेगळी, फडक्यात गुंडाळून माळवदाखालच्या फळीवर ठेवली. ती त्याच्या बापाला पाठवायची हे आता पक्कं ठरवलं होतं. जशी दिली होती तशी. पण आज पाठवतो, उद्या पाठवतो करत नवरात्र आलं.

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारं आणि हत्यारं पुजतात. आदल्या दिवशी मी डिस्चार्जचे कागद दाखवायला धाराशिवच्या कचेरीत गेलो होतो. नवमीला सकाळी परत आलो तेव्हा वडिलांनी मांडलेल्या पाटावर नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे आणि मधोमध ती खुकरी होती. घासून लख्ख केलेली. हळदकुंकू लावलेली. मी नमस्कार करायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

खुकरीच्या पात्याला मुठीजवळ एक खाच असते. ती मुद्दाम पाडलेली असते. कोणी म्हणतं गाईचा खूर, कोणी म्हणतं महादेवाचा त्रिशूळ. ती खाच नाहीशी झाली होती. तिथं गुळगुळीत गोलवा होता.

"आबा, हे कुणी केलं?"

"नामा लोहारानं," आबा खुशीत म्हणाले. "मुठीपाशीच दात पडला व्हता की रं. फुटकं हत्यार पुजंला कसं ठिवावं? त्यानं दिसभर बसून घासलं."

मी कधी नव्हे ते आबांवर ओरडलो. तसाच लोहाराच्या भात्यापाशी गेलो आणि त्यालाही वाट्टेल ते बोललो. नामा उभा राहून सारं ऐकत होता.

"नाईक, म्या खुकरी कवा बगितली न्हाय," तो म्हणाला. "येवढं नामी पातं, आन् त्याला वैगुण्य. जीव हळहळला. म्हणून केलं. चुकलं व्हय माझं?"

मी घरी जाऊन ट्रंक उचलून आणली आणि पाचही खुकऱ्या त्याच्यापुढं मांडल्या. पाचांच्या पाच खाचा, प्रत्येक वेगळी. नामानं कपाळाला हात लावला. मग एकेका खाचेवरून अंगठा फिरवला.

"पुन्ना पाडून देतो. ह्यातल्या कुटल्यावानी व्हती?"

त्या खुकरीचं वजन मी सांगू शकत होतो. पोट, पाठ, मुठीवरची रेघ, सारं. खाच कशी होती ते मला आठवत नव्हतं. अडीच वर्षं ती माझ्याजवळ होती.

"मग म्या हात लावत न्हाय," नामा म्हणाला. "ज्यानं पाडली त्यालाच ठावं."

मला रडू आलं. लोहाराच्या दुकानात, खंडेनवमीच्या दिवशी, डिस्चार्ज झालेला लान्स नाईक रडला.

दसरा झाल्यावर बार्शीला जाऊन मी त्या बटालियनच्या सेंटरला पार्सल केलं. सोबत हिंदीत पत्र. धनबहादूरच्या वडिलांना. खुकरी उसनी घेतली होती, संध्याकाळी द्यायची होती, मी लोभानं ठेवून घेतली. आमच्या लोहारानं पूजेसाठी म्हणून खाच घासली, त्याचा दोष नाही. सगळं लिहिलं.

वर्षभर काही आलं नाही. १९४७ च्या सप्टेंबरात बार्शीच्या ओळखीच्या दुकानदाराचा निरोप आला, तुमचं पार्सल आलंय. बार्शीत तिरंगे लागले होते. नाक्याच्या अलीकडे, आमच्या निजामाच्या मुलुखात, ते लावायची सोय नव्हती आणि हत्यार घेऊन नाका ओलांडायची तर नव्हतीच. शिपाई तोच होता. त्यानं पार्सलची दोरी सोडली. या वेळी मी विळा म्हटलं नाही.

"दोस्ताची आहे," मी म्हणालो. "मेला तो बर्मात."

त्यानं पातं पुन्हा फडक्यात गुंडाळलं, दोरी स्वतः बांधली आणि मान दुसरीकडं वळवली.

"जाव."

घरी येऊन पत्र वाचलं. कोणा शिकलेल्याकडून लिहून घेतलेलं होतं. म्हातारा म्हणत होता: "आपने लौटा दी, हमें मिल गई। हमारे लोहार ने वही निशान फिर बना दिया है। आपके लोहार को कहना, धार अच्छी लगाई। मेरा एक ही बेटा था। इस घर में अब इसे उठाने वाला कोई नहीं। आप रखो। दशैं में इसकी पूजा करना।"

दशैं म्हणजे त्यांचा दसरा. मी अंगठा लावला. खाच होती, पातं घासल्यामुळं थोडी आत सरकलेली.

नामाला पत्र वाचून दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचायला लावलं. माझ्या पाच खुकऱ्या मी त्यालाच दिल्या. त्यांचं पुढं त्यानं काय केलं ते मी विचारलं नाही. मला आता पाहिजे तशी एकच होती.

अजून खंडेनवमीला ती पाटावर असते. पूजा सकाळी होते, पण मी ती संध्याकाळपर्यंत उचलत नाही. दिवस मावळताना तिच्यापुढं एकटा बसतो आणि पिकेटवरच्या तिघांना हात जोडतो. दोघांची नावं मला कधी कळली नाहीत. तिसऱ्याला सांगतो, धन, शाम हो गई. ही घे.